विश्लेषण : हायब्रिड गाडी तीन लाख किलोमीटर कशी टिकेल?

वर्धा नदीकाठचे कौंडण्यपूर हे रुक्मिणीचे माहेर. येथून आषाढीला पंढरपूरकडे पालखी निघते आणि वर्षभर अमरावती, अकोला, वर्धा, नागपूरकडून भाविकांच्या गाड्या येत असतात. भाड्याने गाडी चालवणाऱ्याला या वाटेवर रोज दीडशे किलोमीटरचे रनिंग सहज पडते. अशा वापरासाठी अलीकडे डिझेलऐवजी हायब्रिड गाडीचा विचार होऊ लागला आहे. मात्र, शोरूममध्ये आणि पानटपरीवरही पहिला प्रश्न एकच असतो : बॅटरी गेली तर? त्या प्रश्नाचे उत्तर शोधण्याचा हा प्रयत्न.

हायब्रिडमध्येही प्रकार कोणते?

‘हायब्रिड’ हा शब्द दोन अगदी वेगळ्या गाड्यांसाठी वापरला जातो. माइल्ड हायब्रिडमध्ये छोटी बॅटरी इंजिनाला नुसता हातभार लावते. गाडी एकट्या विजेवर चालत नाही. मारुतीची सियाझ आणि अर्टिगा यांच्या ‘एसएचव्हीएस’ आवृत्त्या या प्रकारातल्या. स्ट्राँग हायब्रिडमध्ये मोटर गाडीला एकटीही ओढू शकते. टोयोटाच्या इनोव्हा हायक्रॉस आणि हायरायडर, मारुतीची ग्रँड विटारा आणि होंडा सिटीची ई-एचईव्ही यांच्या ठरावीक आवृत्त्या या गटात येतात. या गाड्या बाहेरून चार्ज कराव्या लागत नाहीत. ब्रेक लावताना आणि इंजिन चालू असताना बॅटरी आपोआप भरते. पुढची चर्चा स्ट्राँग हायब्रिडची आहे.

जास्त रनिंगवाल्याला फायदा किती?

हायक्रॉसच्या हायब्रिड आवृत्तीचा प्रमाणित अ‍ॅव्हरेज लिटरला २३.२४ किलोमीटर, तर साध्या पेट्रोल आवृत्तीचा १६.१३ किलोमीटर आहे. रोज १५० किलोमीटरप्रमाणे वर्षाला सुमारे ५४ हजार किलोमीटर होतात. या आकड्यांनुसार वर्षाला हजार लिटर पेट्रोल वाचते. लिटरला शंभर रुपये धरले तरी ही बचत लाखाच्या घरात जाते. प्रत्यक्ष रस्त्यावर दोन्हींचा अ‍ॅव्हरेज कमी पडतो. शिवाय सलग वेगाने धावणाऱ्या महामार्गावर हायब्रिडचा फायदा घटतो, कारण तेथे ब्रेक कमी लागतो आणि बॅटरीत परत येणारी वीजही कमी. गावातला थांबत-थांबत होणारा प्रवास हे हायब्रिडचे खरे मैदान.

बॅटरी लवकर जाते का?

जगातला अनुभव भीती कमी करणारा आहे. टोयोटाची प्रियस ही हायब्रिड गाडी जपानमध्ये १९९७ साली आली, म्हणजे या तंत्राला पाव शतकाहून अधिक काळ झाला. अमेरिकेतील ‘कन्झ्युमर रिपोर्ट्स’ या ग्राहक नियतकालिकाने २०११ मध्ये दोन लाख मैलांहून अधिक, म्हणजे सव्वातीन लाख किलोमीटरपेक्षा जास्त धावलेली २००२ ची प्रियस तपासली. नव्या गाडीच्या जुन्या चाचणीशी तुलना केली तेव्हा अ‍ॅव्हरेज जवळपास तेवढाच निघाला.

याचे कारण बॅटरी वापरण्याच्या पद्धतीत आहे. गाडीचा संगणक बॅटरी कधी पूर्ण भरू देत नाही आणि पूर्ण रिकामीही होऊ देत नाही. मधल्या पट्ट्यातच तिची ये-जा सुरू राहते, त्यामुळे झीज हळू होते. टोयोटाच्या रचनेत वेगळा स्टार्टर, अल्टरनेटर आणि क्लच प्लेटही नसते. झिजणारे भाग कमी, तेवढे खर्चाचे प्रसंगही कमी.

वऱ्हाडात वेगळी काळजी कशाला?

बॅटरीचा मोठा शत्रू उष्णता. अकोला-अमरावतीचा पारा मे महिन्यात ४५ अंशांच्या आसपास जातो. अनेक हायब्रिड गाड्यांत बॅटरी थंड ठेवण्यासाठी पंखा गाडीच्या आतलीच हवा ओढतो. म्हणजे प्रवाशांना सोसवत नाही ती हवा बॅटरीलाही सोसवत नाही. पेट्रोल वाचवण्यासाठी भर उन्हात एसी बंद ठेवणे हा म्हणूनच तोट्याचा हिशेब. गाडी उभी करताना निंबाची सावली शोधावी. उन्हात तापलेली गाडी निघताना काचा खाली करून आधी गरम हवा बाहेर जाऊ द्यावी.

दुसरा शत्रू धूळ. पांदण रस्त्याचा फुफाटा, सोयाबीन काढणीच्या दिवसांतले कुटार, कापसाचे तंतू हे सगळे बॅटरीच्या हवेच्या जाळीत अडकते. मॉडेलनुसार ही जाळी मागच्या सीटजवळ किंवा पुढच्या सीटखाली असते. तिच्यासमोर पिशव्या, चादरी ठेवू नयेत. फिल्टर असेल तर दर सर्व्हिसिंगला काढून साफ करून घ्यावा. अतिशय स्वस्त असलेले हे काम सर्वात जास्त विसरले जाते.

देखभालीत काय चुकवू नये?

इंजिन ऑइल : इंजिन मधूनमधून बंद राहते म्हणून ऑइल कमी खराब होते, हा समज चुकीचा. वारंवार थंड-गरम होणाऱ्या इंजिनाला कंपनीने सांगितलेल्या ग्रेडचे पातळ ऑइलच लागते. ‘उन्हाळा आहे, जाड ऑइल टाका’ हा सल्ला येथे चालत नाही. लाखाच्या पुढे रनिंग गेल्यावर महिन्यातून दोनदा डिपस्टिक पाहावी.

कूलंट : अनेक मॉडेलमध्ये इंजिनाचा आणि इन्व्हर्टरचा कूलंट वेगवेगळा असतो. इन्व्हर्टर म्हणजे बॅटरीची वीज मोटरला योग्य रूपात देणारा भाग. त्याचा कूलंट कमी झाला किंवा पंप बंद पडला तर गाडी जागेवर थांबते. दोन्ही टाक्या पाहाव्यात आणि साधे पाणी ओतू नये.

ब्रेक : गाडी बरेचदा मोटरच्या साहाय्याने मंदावते, त्यामुळे ब्रेक पॅड जास्त टिकतात. पण कमी वापरामुळेच कॅलिपरच्या पिना चिखल-गंजाने जाम होतात. पावसाळ्यानंतर त्या साफ करून ग्रीस लावून घ्यावे. ब्रेक ऑइल पुस्तिकेतील मुदतीप्रमाणे बदलावे.

१२ व्होल्टची बॅटरी : मोठ्या बॅटरीखेरीज एक साधी बॅटरीही असते. ती उतरली तर गाडीचा संगणकच जागा होत नाही आणि मालकाला मोठी बॅटरी गेल्यासारखे वाटते. ‘बॅटरी गेली’ असे कोणी म्हणाले तर प्रथम हिचा व्होल्टेज तपासावा.

उभी गाडी : गाडी महिनोन्‌महिने उभी ठेवणे बॅटरीला मानवत नाही. आठवड्यातून एकदा अर्धा तास तरी चालवावी. उभ्या गाडीत उंदीर वायर कुरतडतात, तेही पाहावे.

चिखलदऱ्याचा घाट, पावसाळ्यातला रपटा

चिखलदऱ्याहून परतवाड्याकडे उतरताना बॅटरी थोड्याच वेळात भरते. त्यानंतर तिला आणखी वीज घेता येत नाही आणि भार ब्रेकवर येतो. गिअरमध्ये ‘बी’ असेल तर लांब उतारावर तो वापरावा. इंजिनाचा रोध मिळून ब्रेक तापत नाहीत. सपाट रस्त्यावर मात्र ‘बी’ची गरज नाही.

रपट्यावरून पाणी वाहत असेल तर कोणतीच गाडी घालू नये. हायब्रिड पाण्यात बुडाली तर ती सुरू करण्याचा प्रयत्न करू नये. नारिंगी रंगाच्या वायरींमध्ये शेकडो व्होल्टचा प्रवाह असतो. गावातल्या ओळखीच्या मिस्त्रीलाही प्रशिक्षण नसेल तर त्यांना हात लावू देऊ नये.

जुनी हायब्रिड घेताना काय पाहावे?

भारतात या स्ट्राँग हायब्रिडच्या बॅटरीवर साधारण आठ वर्षे किंवा १ लाख ६० हजार किलोमीटर, यांपैकी जे आधी होईल तोपर्यंत वॉरंटी मिळते. वर्षाला ५४ हजार किलोमीटर धावणारी गाडी ही मर्यादा तीन वर्षांतच गाठते. टॅक्सी नोंदणीसाठी अटी वेगळ्या असू शकतात. त्यामुळे वॉरंटी पुस्तिका सहीआधी वाचावी.

जुनी गाडी घेताना अधिकृत केंद्रातून बॅटरीची संगणकीय तपासणी करून घ्यावी. बॅटरीतील सगळे गट सारख्या व्होल्टेजवर आहेत का, हे त्यात कळते. चार्जचा काटा झपाट्याने वर-खाली होणे, पंख्याचा सतत मोठा आवाज, अ‍ॅव्हरेज अचानक घसरणे ही कमजोर बॅटरीची लक्षणे. ‘एकच सेल बदलून देतो’ या स्वस्त सौद्यापासून जपावे. जुन्या सेलांमध्ये एक नवा बसवला की समतोल बिघडतो आणि काही महिन्यांत दुसरा सेल मान टाकतो.

मग अडते कुठे?

गाडीच्या तंत्रापेक्षा तिच्याभोवतीच्या व्यवस्थेत जास्त अडते. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची आणि बॅटरीची हमी आठ वर्षांची. मधली सात वर्षे बहुतेक वेळा दुसऱ्या मालकाच्या वाट्याला येतात. मोठ्या शहरात वापरलेली गाडी तालुक्याच्या गावात पोहोचते ती याच टप्प्यावर. कर्ज काढून गाडी घेणाऱ्याला त्या वेळी बॅटरीचा खर्च कळला, तर त्याच्या वर्षभराच्या कमाईचा हिशेब कोलमडतो.

केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ मध्ये ‘राइट टू रिपेअर’ पोर्टल सुरू केले. वाहन क्षेत्रही त्यात आहे. त्याच वर्षीच्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनी वापरलेल्या बॅटऱ्या परत घेण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली. पुढची पावले अवघड नाहीत. प्रत्येक मॉडेलच्या बॅटरीची किंमत कंपन्यांनी उघड जाहीर करावी. जुनी बॅटरी परत दिल्यावर किती रक्कम वजा होईल, तेही सांगावे. जुन्या हायब्रिडच्या विक्रीत बॅटरीचा तपासणी अहवाल सक्तीचा व्हावा. अमरावती-अकोल्याच्या आयटीआयमधून हायब्रिड दुरुस्तीचे सुरक्षित प्रशिक्षण मिळावे, म्हणजे तिवसा, मूर्तिजापूरसारख्या गावांतल्या मालकाला प्रत्येक दिव्यासाठी शहर गाठावे लागणार नाही.

तोवर मालकाच्या हातात आहे ते करावे : हवेची जाळी साफ, दोन्ही कूलंट पुरेसे, ऑइल वेळेवर, गाडी सावलीत आणि प्रत्येक सर्व्हिसिंगचे बिल फाइलमध्ये. एवढे सांभाळले तर हायब्रिड तीन लाखांचा टप्पा गाठू शकते. विकायची वेळ आली तर तीच फाइल चांगला भावही मिळवून देते.