तापीच्या मुखावरचा वायू आणि शहाद्याची शेती
१/ शहादा तालुक्याच्या अर्वाचीन इतिहासात तीन गोष्टी हमखास सांगितल्या जातात : पी. के. अण्णा पाटील यांच्या नेतृत्वाखाली पुरुषोत्तमनगरला उभा राहिलेला सहकारी साखर कारखाना, १९७०च्या दशकातला श्रमिक संघटनेचा लढा आणि तापीचे पाणी. नैसर्गिक वायूचा उल्लेख मात्र कुठेच येत नाही. त्यावाचून इथल्या शेतीचा इतिहास अपुरा राहतो.

२/ प्रकाशा येथे गोमाईला पोटात घेऊन तापी गुजरातेत उतरते आणि सुरतेपुढे हजिऱ्याजवळ समुद्राला मिळते. तेथे ओएनजीसीचा वायू-प्रक्रिया प्रकल्प आहे. तेथील वायूचा मोठा स्रोत म्हणजे 'साउथ बसीन' हे समुद्रातील क्षेत्र. बसीन म्हणजे चिमाजी अप्पांनी १७३९ मध्ये जिंकलेली वसई.

३/ 'सागर सम्राट'ने १९७४ मध्ये बॉम्बे हायचे तेल शोधले; १९७६ मध्ये उत्पादन सुरू झाले. तेलासोबत येणारा वायू वापरण्याची सोय अपुरी होती, म्हणून त्यातला बराचसा कित्येक वर्षे समुद्रावरच जाळला गेला. साठा सापडला म्हणजे संपत्ती हाती आली, असे होत नाही.

४/ साउथ बसीनच्या वायूत हायड्रोजन सल्फाइड असतो. तो विषारी असतो आणि नळही खातो. हजिऱ्याला द्रावकाच्या साहाय्याने तो वेगळा काढतात, वायूतील बाष्प काढतात, स्वयंपाकाचा गॅस निराळा करतात. काढलेल्या सल्फाइडपासून गंधक मिळते. उसाचा रस स्वच्छ करायला साखर कारखाने गंधकाचीच धुरी वापरतात.

५/ शुद्ध मिथेनपासून हायड्रोजन, हायड्रोजन व हवेतील नायट्रोजनपासून अमोनिया आणि अमोनियापासून युरिया. १९८०च्या दशकात कृभकोचा कारखाना हजिऱ्यालाच सुरू झाला. १९८४ मध्ये गेल स्थापन झाली. हजिरा–विजयपूर–जगदीशपूर वाहिनीच्या आधाराने उत्तरेत खत कारखाने उभे राहिले. वायू आधी खताला द्यायचा, हा निर्णय राजकीय होता.

६/ शहाद्याच्या दुकानातली प्रत्येक गोणी हजिऱ्याची असते असे नव्हे. पण देशात बनणारा युरिया आज जवळपास सगळा वायूपासूनच बनतो. इथला ऊस, केळी, कापूस यांना लागणाऱ्या नत्राचा मोठा वाटा त्यातूनच येतो. हरितक्रांतीची कथा बियाणे आणि पाण्यावर थांबवणे म्हणूनच चूक आहे.

७/ शेतकऱ्याला याचे काय, असे कोणी विचारील. ४५ किलोच्या गोणीची किंमत, कर व निमलेपनाचा खर्च वगळता, २०१८ पासून २४२ रुपये आहे. २००४ पासून दहेजला द्रवरूप वायू परदेशातून येऊ लागला. २०२२ मध्ये जागतिक भाव भडकले, तरी गोणीवरचा आकडा हलला नाही. फरक सरकारी अनुदानाने भरला.

८/ या स्वस्ताईची दुसरी बाजूही आहे. २०१० च्या पोषणद्रव्याधारित अनुदान योजनेतून युरिया वगळला गेला. स्फुरद-पालाशची खते महागली, युरिया स्वस्त राहिला, आणि शेतकऱ्याचा हात साहजिकच युरियाकडे वळला. जमिनीचा तोल बिघडल्याचा दोष त्याच्या अज्ञानावर टाकणे अन्यायाचे आहे. तो तोल दिल्लीतल्या दरपत्रकाने बिघडवला.

९/ कालव्याचे पाणी कुणाला मिळाले, हा प्रश्न इतिहासकार विचारतात. वायू कुणाला, कोणत्या दराने मिळाला आणि त्याची किंमत कोणत्या मातीने मोजली, हेही त्यांनी विचारायला हवे. शहाद्याचा इतिहास लिहिणाऱ्याने तापीच्या काठाने हजिऱ्यापर्यंत जायला हवे.