डोंगर कुणाच्या नावावर?

श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारी त्र्यंबकला माणसं ब्रह्मगिरीची फेरी घालतात. लहानपणी आईचं बोट धरून मीही घातली. अनवाणी चालताना ती म्हणायची, "डोंगराला पाय लागतोय, मनात माफी माग." त्याच तालुक्यात आमच्या पाड्यामागची टेकडी मात्र सुरुंग लावून फोडली. माफी कुणी मागितली नाही.

खाण आली तेव्हा पाड्यावर आनंदच होता. गड्यांना डंपरवर काम मिळालं. "रोजगार आला," म्हणाले. आला की! पण काळ्या पाषाणाच्या भेगांतून झिरपणारा आमचा झरा दोन उन्हाळ्यांत आटला. चूल पेटवून पाण्याला जाणारी आई आता दिवस तापल्यावर हंडा घेऊन परतायची. धाकट्या भावाला सांभाळायला बहिणीची शाळा सातवीत सुटली. भावाची नाही सुटली.

टेकडीवर करवंदं होती, सरपण होतं, रानभाजी होती. करवंदं विकून आलेले पैसे आईच्या कनवटीला असायचे. ते खर्चायला बापाला विचारावं लागत नसे. टेकडी गेली नि आई खाणीवर दगड भरायला लागली. मुकादम जोडीचा हिशेब करायचा आणि पैसे बापाच्या हातावर ठेवायचा. घाम दोघांचा, पगार एकाचा.

कुणी म्हणेल, खडी नको तर रस्ते कसे व्हायचे? सिंहस्थाला लाखो लोक येतात, ते काय चिखलातून चालतील? बाबांनो, त्या रस्त्यानं मीही जाते. माझं म्हणणं एवढंच, की त्या खडीची किंमत कोण मोजतं? जमिनीचं भाडं सातबारावर नाव असलेल्याला मिळतं, आणि आमच्याकडं ते नाव बहुतेक गड्याचंच. झऱ्याचा नि करवंदीचा सातबारा नसतो. म्हणून बाईचं नुकसान कुठल्याच कागदावर येत नाही.

2021 साली ब्रह्मगिरीच्या पायथ्याच्या आणि बेळगाव ढग्याजवळच्या डोंगरांच्या उत्खननाविरुद्ध आवाज उठला. बरं झालं. गोदावरीच्या उगमाची काळजी सगळ्यांनाच आहे. पण जिच्यातून कुठली नदी निघत नाही, फक्त पाड्याचा झरा निघतो, त्या टेकडीसाठी कोण ओरडणार?

1952 च्या खाण कायद्यानं बायांना भूमिगत कामाची नि रात्रपाळीची बंदी होती. 2019 मध्ये ती काही कामांपुरती सैल झाली. असू द्या, मुलींनी खाणीत इंजिनिअर व्हावं. पण समानता पहिल्या सुरुंगाआधी हवी.

आमचा भाग पेसात येतो. 1996 च्या त्या कायद्यानं गौण खनिजाचा पट्टा देण्याआधी ग्रामसभेची किंवा पंचायतीची शिफारस सक्तीची आहे. ग्रामसभेआधी बायांची वेगळी सभा घ्यावी, असं राज्याचा कायदाही सांगतो. आमच्याकडं सभा झालीच नाही, रजिस्टर घरोघर फिरलं. अंगठा कशाला दिलास, असं मी आईला विचारलं.

"पान्याची योजना येनार हाये म्हनले."

म्हणून मागणं साधं आहे. पुढची टेकडी देण्याआधी बायांची सभा घ्या. पाणी भरायच्या वेळी नको, सगळ्यांना बसता येईल तेव्हा घ्या. ठराव आमच्या बोलीत वाचून दाखवा. आणि बाया 'नाही' म्हणाल्या, तर रजिस्टरात 'नाही' असंच लिहा.