रात्रीची चूळ भरू नका

तोंड धुतल्याशिवाय चहा नाही, हा नियम महाराष्ट्रातल्या बहुतेक घरांत आजही पाळला जातो. मुलांना शाळेच्या वयाआधीच त्याचे वळण लावले जाते आणि पुढे आयुष्यभर ते टिकते. मोरीत किंवा बेसिनपाशी उभे राहून ब्रशभर पेस्ट घ्यायची, घसाघसा दात घासायचे, जीभ खरवडायची आणि मग पाण्याने खळखळून चुळा भरून तोंड पार स्वच्छ करायचे. शिस्तीत कुठे कमतरता नाही. तरीही भारतीय दंत परिषदेने २००२-०३ मध्ये देशभर केलेल्या पाहणीत १२ वर्षांच्या मुलांपैकी निम्म्याहून अधिक मुलांच्या दातांत कीड आढळली. ३५ ते ४४ या वयोगटात तर हे प्रमाण ८० टक्क्यांच्या घरात होते. रोज न चुकता दात घासणाऱ्या समाजाचे दात एवढे किडत असतील, तर लोकांना आळशी म्हणून हा प्रश्न सुटणार नाही. माझ्या मते दोष आपल्या रीतीत आहे. जी वेळ सर्वांत महत्त्वाची ती आपण वगळतो, आणि पेस्टमधला जो घटक दाताला वाचवतो तो चूळ भरून मोरीत सोडून देतो. रात्री झोपण्यापूर्वीचे अगदी शेवटचे काम म्हणून दात घासावेत, वाटाण्याएवढी पेस्ट घ्यावी, फेस थुंकावा आणि त्यानंतर चूळ भरू नये, एवढेच मला सांगायचे आहे.

हे पटण्यासाठी कीड लागते कशी, ते आधी पाहू. विलोबी मिलर या दंतवैज्ञानिकाने १८९० मध्ये मांडलेली मूळ कल्पना आजही टिकून आहे. दाताला भोक पाडणारा किडा वगैरे काही नसतो. दातांवर साचणाऱ्या चिकट थरात जिवाणू राहतात, ते आपल्या खाण्यातली साखर खातात आणि आम्ल तयार करतात. त्या आम्लाने दाताच्या वरच्या कठीण आवरणातले कॅल्शियम आणि फॉस्फेट विरघळू लागते. पुढे १९४०च्या दशकात रॉबर्ट स्टीफन यांनी या थराची आम्लता प्रत्यक्ष मोजली. साखर तोंडात गेल्यावर काही मिनिटांतच आम्लता एकदम वाढते आणि ती पूर्ववत व्हायला अर्धा ते एक तास लागतो, असे त्यांना दिसले. सामू हे आम्लतेचे माप, तो जितका कमी तितकी आम्लता जास्त; तो साधारण ५.५च्या खाली गेला की दाताचे आवरण झिजू लागते. म्हणजे प्रत्येक गोड चहा, प्रत्येक बिस्कीट, प्रत्येक चॉकलेट दातावर अर्ध्या-पाऊण तासाचा हल्ला घडवते. मधल्या काळात लाळ ही झीज भरून काढते. ती आम्ल सौम्य करते आणि विरघळलेली खनिजे दाताला परत देते. दिवसभर ही झीज आणि भर चालूच असते, आणि झीज वरचढ ठरली की खड्डा पडतो.

आता रात्रीचा विचार करा. झोपेत लाळ सुटणे जवळजवळ थांबते. जेवणानंतर दातांच्या फटीत अडकलेला भात, पोळी, वर खाल्लेला गोडाचा तुकडा किंवा झोपण्यापूर्वी प्यायलेले साखर घातलेले दूध तसेच तोंडात राहते. जिवाणूंना खायला भरपूर असते आणि त्यांना आवर घालणारी लाळ नसते. दाताच्या दृष्टीने चोवीस तासांतला सर्वांत धोक्याचा काळ हाच, आणि नेमका याच वेळी आपल्याकडच्या बहुसंख्य घरांत ब्रश कोरडा असतो. सकाळी आपण दात घासतो तोवर रात्रभरचे नुकसान होऊन गेलेले असते. त्यातही सकाळी दात घासून झाल्यावर लगेच साखरेचा चहा आणि त्यात बुडवलेले बिस्कीट येते. सकाळचे दात घासणे निरर्थक आहे असे मी म्हणत नाही. त्याने रात्रीचा थर निघतो, हिरड्या निरोगी राहतात आणि तोंडाचा वास जातो. पण दिवसातून एकदाच दात घासण्याइतका उत्साह कोणाकडे असेल, तर त्याने रात्रीची वेळ निवडावी आणि सकाळी नुसत्या चुळा भराव्यात, असे मी निःशंकपणे म्हणेन.

दुसरा मुद्दा पेस्टचा. ट्यूबमध्ये दात घासणारी पूड असते, ती बहुधा खडूची किंवा सिलिकाची. फेस आणणारे रसायन असते, पेस्ट ओली ठेवणारे ग्लिसरीन किंवा सॉर्बिटॉल असते, पुदिन्याचा थंडावा असतो. दातावरचा थर निघतो तो मुख्यतः ब्रशच्या केसांनी. पेस्ट नसली तरी मऊ ब्रशने नीट घासल्यास तो निघतो. फेस आणि थंडावा यांनी स्वच्छ झाल्यासारखे वाटते, पण किडीशी त्यांचा काही संबंध नाही. किडीविरुद्ध ज्याचा उपयोग भक्कमपणे सिद्ध झाला आहे असा पेस्टमधला घटक फ्लोराइड आहे. झिजलेल्या जागी खनिजे परत बसायला ते मदत करते, आणि त्यातून तयार होणारे आवरण मूळ आवरणापेक्षा आम्लाला कमी दाद देते. मुले आणि किशोरवयीनांवर झालेल्या ७० चाचण्यांचा कॉक्रेन संस्थेने २००३ मध्ये एकत्रित आढावा घेतला, तेव्हा फ्लोराइडच्या पेस्टने किडीत सरासरी २४ टक्के घट झाल्याचे दिसले. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये फ्लोराइडयुक्त टूथपेस्टचा समावेश आपल्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत केला. हे फ्लोराइड काम करते ते दाताच्या पृष्ठभागावर आणि लाळेत रेंगाळून. दोन मिनिटे घासल्यावर लगेच चार-पाच चुळा भरणे म्हणजे जखमेवर मलम लावून ते तिथल्या तिथे धुऊन टाकणे आहे.

चूळ भरल्याने लाळेतले फ्लोराइड झपाट्याने कमी होते, हे प्रयोगांत वारंवार दिसले आहे. स्कॉटलंडमध्ये किशोरवयीन मुलांवर तीन वर्षे चाललेल्या एका मोठ्या चाचणीत पेल्याने पाणी घेऊन भरपूर चुळा भरणाऱ्या मुलांत कीड अधिक आढळली. इंग्लंडच्या सरकारी आरोग्य यंत्रणेने दंतवैद्यांसाठी काढलेल्या मार्गदर्शिकेत रात्री झोपताना आणि दिवसातून आणखी एकदा दात घासावेत, थुंकावे पण चूळ भरू नये, असे स्पष्ट सांगितले आहे. यावर एक रास्त आक्षेप असा, की चुळीबाबतचे सगळे अभ्यास एका सुरात बोलत नाहीत, काहींत फरक आढळलेला नाही. हे खरे आहे. फ्लोराइडच्या उपयोगाविषयी जेवढा पुरावा आहे, तेवढा भक्कम पुरावा चूळ न भरण्याविषयी नाही. पण निर्णय घेताना दोन्ही बाजू तोलाव्या लागतात. चूळ न भरण्याला पैसा लागत नाही, वेळ लागत नाही, आणि थुंकता येणाऱ्या माणसाला त्यापासून अपायही नाही. फायद्याची शक्यता मात्र बरीच आहे. अशा ठिकाणी संपूर्ण एकमताची वाट पाहत बसणे शहाणपणाचे नाही.

याहून अवघड आक्षेप मनाचा आहे. तोंडात फेसाची चव ठेवून झोपायचे, ही कल्पनाच अनेकांना किळसवाणी वाटते. सकाळचे मुखमार्जन आपल्याकडे शुचितेशी जोडलेले आहे. त्यानंतर अंघोळ, देवपूजा, चहा अशी रांग लागते आणि तोंड पूर्ण निर्मळ झाल्याशिवाय पुढचे पाऊल पडत नाही. ही भावना मी क्षुल्लक मानत नाही. म्हणूनच माझा आग्रह रात्रीपुरता आहे. सकाळी हव्या तेवढ्या चुळा भराव्यात. रात्री पूजा नसते, चहा नसतो, कोणाशी बोलायचेही नसते. दोन-तीनदा नीट थुंकले की फेस जातो, उरते ती किंचित चव. पेस्ट वाटाण्याएवढीच घेतली तर फेसही इतका होत नाही. काही दिवसांत ती चव खटकेनाशी होते.

परंपरेचा दाखला देणारे म्हणतील, की आमच्या आजोबांनी कडुनिंबाच्या नाहीतर बाभळीच्या काडीवर आयुष्य काढले आणि शेवटपर्यंत त्यांचे दात शाबूत होते. काडीला मी नावे ठेवणार नाही. टोक चावून मऊ केलेली ताजी काडी नीट वापरली तर दातावरचा थर निघतो. पण आजोबांच्या आहारात दिवसाला चार गोड चहा, बिस्किटाचे पुडे आणि बाटलीतली थंड पेये नव्हती. झीज वाढली असेल तर भरही वाढवावी लागते. आणि परंपराच प्रमाण मानायची तर ती पूर्ण पाहावी. वाग्भटाच्या अष्टांगहृदयात दिनचर्येच्या अध्यायात दात घासायला सकाळी आणि जेवणानंतर, अशा दोन्ही वेळा सांगितल्या आहेत. काडीचे टोक मृदू असावे आणि हिरड्यांना इजा होऊ नये, हेही तिथे आहे. यातली सकाळ आपण ठेवली आणि जेवणानंतरची वेळ सोडून दिली. राखुंडी, मीठ, विटेची पूड बोटाने रगडणे यात तर मृदुपणाही नाही, त्याने आवरण खरवडले जाते. मशेरीविषयी मात्र मऊ शब्द वापरता येणार नाहीत. ग्रामीण महाराष्ट्रात आणि मुंबईच्या वस्त्यांत असंख्य स्त्रिया आजही तव्यावर तंबाखू भाजून तिने दात घासतात, बाळंतपणाच्या काळातही. तंबाखू असलेल्या दंतमंजनांवर केंद्र सरकारने १९९२ मध्येच बंदी घातली, पण घरात भाजलेल्या तंबाखूला ती लागू पडत नाही. मशेरी दात वाचवत नाही, ती व्यसन लावते आणि तोंडाच्या कर्करोगाकडे नेते.

फ्लोराइडची भीती हा आक्षेप सर्वांत गंभीर, कारण महाराष्ट्रात त्याला खरा आधार आहे. चंद्रपूर, यवतमाळ, नांदेड या जिल्ह्यांतल्या अनेक गावांत भूजलातच फ्लोराइड जास्त आहे, आणि तिथे मुलांच्या दातांवर पिवळे-तपकिरी डाग पडलेले, मोठ्यांची हाडे व सांधे दुखावलेले दिसतात. पण मात्रेचा हिशेब मांडला पाहिजे. पिण्याच्या पाण्यात लिटरला १.५ मिलिग्रॅम ही कमाल मर्यादा धरली जाते. लिटरला ३ मिलिग्रॅम फ्लोराइड असलेले दोन लिटर पाणी प्यायले तर ६ मिलिग्रॅम पोटात जाते, रोज, वर्षानुवर्षे. आपल्या कायद्यानुसार टूथपेस्टमध्ये फ्लोराइड १००० पीपीएमपेक्षा जास्त असू नये, म्हणजे एका ग्रॅम पेस्टमध्ये फार तर १ मिलिग्रॅम. वाटाण्याएवढी पेस्ट साधारण पाव ग्रॅम भरते. त्यातले पाव मिलिग्रॅमही आपण बहुतांशी थुंकून टाकतो. तेव्हा त्या गावांचा खरा इलाज शुद्ध पाणी हा आहे, आणि तो देण्याची जबाबदारी सरकारची आहे. तरीही सावधगिरी हवीच, आणि ती लहान मुलांबाबत हवी. त्यांना थुंकता येत नाही, पेस्ट गोड लागते, ती गिळली जाते, आणि याच वयात त्यांचे कायमचे दात हिरडीच्या आत घडत असतात. तीन वर्षांखालच्या मुलाला तांदळाच्या दाण्याएवढी, तीन ते सहा वर्षांच्या मुलाला वाटाण्याएवढी पेस्ट पुरते. ब्रशवर पेस्ट मोठ्यांनी लावावी, ट्यूब मुलाच्या हाती देऊ नये. जिथल्या पाण्यात फ्लोराइड जास्त आहे तिथे लहान मुलांसाठी दंतवैद्याला विचारूनच पेस्ट ठरवावी.

इथे जाहिरातींनी आपले बरेच नुकसान केले आहे. ब्रशच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत लाटेसारखी पसरलेली पेस्ट आपण लहानपणापासून पाहत आलो, आणि तेवढी घ्यायची असते असे मनात बसले. तेवढी पेस्ट मोठ्या माणसालाही लागत नाही. फेस जास्त झाला की दोन मिनिटे घासणे होत नाही, मध्येच थुंकावे लागते. ट्यूबच्या तळाशी असलेल्या रंगीत पट्टीवरून पेस्ट नैसर्गिक की रासायनिक हे ओळखता येते, असा संदेश मोबाइलवर फिरत असतो. ती खूण केवळ ट्यूब कापणाऱ्या यंत्रासाठी असते. वाचायचे ते ट्यूबवर छापलेले फ्लोराइडचे प्रमाण. फ्लोराइड असलेल्या पेस्टवर ते छापणे कायद्याने बंधनकारक आहे. ते १०००च्या आसपास असेल तर महागडी पेस्ट घ्यायची गरज नाही, स्वस्तातली ट्यूबही तेच काम करते. वनौषधींच्या नावाने विकल्या जाणाऱ्या अनेक पेस्टमध्ये फ्लोराइड नसतेच, हेही ट्यूब उलटून पाहिल्यावरच कळते.

सप्टेंबर २०२५ मध्ये टूथपेस्ट आणि टूथब्रशवरचा जीएसटी १८ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला, हे चांगलेच झाले. पण नुसते स्वस्त झाल्याने सवय बदलत नाही. ती लागते लहानपणी, रोज, कोणाच्या तरी देखरेखीखाली. राज्याच्या आदिवासी विकास विभागाच्या आश्रमशाळांत आणि समाजकल्याणच्या वसतिगृहांत हजारो मुले रात्री मुक्कामाला असतात. रात्रीचे जेवण झाल्यावर अंथरुणावर जाण्यापूर्वी सगळ्यांनी रांगेत उभे राहून वाटाण्याएवढ्या पेस्टने दोन मिनिटे दात घासायचे, थुंकायचे आणि झोपायचे, एवढा नियम या ठिकाणी लागू करायला वेगळी इमारत लागत नाही, तज्ज्ञही लागत नाही. लागते ते अधीक्षकांचे लक्ष, आणि पेस्ट व मऊ ब्रशसाठी वेळेवर मिळणारा निधी. दोन्ही विभागांनी येत्या शैक्षणिक वर्षापासून हे सुरू करावे. घरी मात्र कोणाच्या आदेशाची वाट पाहायला नको. आज रात्री जेवणानंतर मुलांचे दात घासून घ्या, स्वतःचेही घासा, आणि चूळ न भरता झोपा.