यादीत नसलेलं विष बेडकाच्या अंड्याला कळतं

मंडळी, एमआयडीसीच्या कडेची कुठलीही जमीन बघा. पहिल्या पावसात डबक्यावर तेलाचा तवंग. शेतकरी तक्रार करतो, मातीचा नमुना जातो, काही महिन्यांनी कागद येतो : 'सर्व घटक मर्यादेत'. विषय संपला. वीस वर्षं असे कागद वाचतोय. माझा सवाल एकच, तपासलं काय?

प्रयोगशाळा यादी घेऊन बसते. शिसं किती, क्रोमियम किती, आर्सेनिक किती. यादीत नाही ते कुणी शोधत नाही. आणि चार रसायनं वेगवेगळी मर्यादेत असली, तरी एकत्र आल्यावर काय करतात? कागद गप्प.

याला उत्तर आहे, आणि ते जुनं आहे. १९८३ साली अमेरिकेत 'फेटॅक्स' ही चाचणी पुढे आली, १९९१ मध्ये तिची प्रमाणित पद्धत ठरली. संशयित माती पाण्यात घुसळून गाळायची. त्या पाण्यात प्रयोगशाळेत वाढवलेल्या आफ्रिकन बेडकाची नुकती फळलेली अंडी ९६ तास ठेवायची. शेजारी स्वच्छ पाण्यातली अंडी. मग मोजायचं : मेली किती, कणा वाकडा किती जणांचा, डोळे-आतडी बिघडली का, वाढ खुंटली का. स्वच्छ पाण्यातलीच दहा टक्क्यांहून जास्त मेली किंवा बिघडली तर चाचणी रद्द. एवढी शिस्त आहे. रानातला एकही बेडूक पकडावा लागत नाही.

कुठलं रसायन दोषी, हे अंडं सांगत नाही. पाण्यात न उतरणारं विषही यातून निसटू शकतं. म्हणून रासायनिक तपासणी हवीच. पण सोबत ही पण हवी.

'बेडकावरून माणसाचं काय कळणार?' असं साहेब लोक विचारतील. अहो, सांडपाण्यासाठी तुमच्याच नियमात मासे आहेत! त्या पाण्यात ९६ तासांनंतर ९० टक्के मासे जगले पाहिजेत, असं मानक आहे. पाण्याला जिवंत साक्षीदार चालतो, मग मातीला का नको? त्याच मातीत आमची भाजी पिकते, तिच्यातूनच पाणी विहिरीत झिरपतं.

२०२५ मध्ये केंद्राने दूषित जागांसाठी नवे नियम आणले. संशयित जागांचा अहवाल जिल्हा प्रशासनाने दर सहा महिन्यांनी द्यायचाय. चांगलं पाऊल. पण तिथेही दूषित जागा ठरणार ती १८९ ठरलेल्या रसायनांवरून. परत यादीच!

तेव्हा येत्या ग्रामसभेत ठराव घ्या. एक, आपली जमीन त्या अहवालात घाला. दोन, मातीची जैविक चाचणी करा, शेजारच्या चांगल्या शेताचा नमुना तुलनेला ठेवून. तीन, निकाल मराठीत, ग्रामपंचायतीच्या फळ्यावर.

'मर्यादेत' हा शब्द आता फुकट स्वीकारायचा नाही. कुणाच्या मर्यादेत, ते विचारा.