गाजराची पुंगी आणि प्रयोगवही

गतवर्षी पावसाळ्यात आमच्या वर्गाने बीजांकुरणाचा प्रयोग केला. ओल्या टीपकागदावर मुगाचे दहा-दहा दाणे मांडून प्रत्येक गटाने आपापली काचेची बशी झाकून ठेवली. तिसऱ्या दिवशी उघडून पाहतो तो आमच्या दहा दाण्यांपैकी अवघ्या चारांना मोड आलेले. बाकीच्यांवर पांढरी बुरशी! परंतु प्रयोगवहीत आम्ही काय लिहिले? "सर्व दाणे अंकुरले." शेजारच्या गटाच्या वहीतून ते वाक्य उतरवून घेतले आणि आमची बशी मुकाट्याने नळाखाली धुऊन टाकली. गुण पूर्ण मिळाले. बुरशी का आली, हे मात्र आम्हांला आजतागायत कळलेले नाही. आणि बशी धुतली गेल्यामुळे ते कळण्याचा मार्गही आता उरलेला नाही.

या प्रसंगाची लाज आम्हांला वाटली ती पुढे वनस्पतिशास्त्रातील एक हकिगत वाचनात आली तेव्हा. ती हकिगत वाचकांपुढे ठेवून तिच्या आधारे आम्हांला एक विनंती करावयाची आहे.

फुलातील परागकण आणि बीजांड यांच्या मीलनातून बीजामध्ये भ्रूण तयार होतो, हे आपण पाठ्यपुस्तकात शिकतो. परंतु ज्यांचा प्रजननाशी काहीही संबंध नाही अशा मूळ, खोड वा पान यांतील साध्या पेशींपासूनही काचपात्रात भ्रूण वाढविता येतो. या क्रियेला कायिक भ्रूणजनन म्हणतात. नवल असे की, हा भ्रूण बीजातील भ्रूणाप्रमाणेच आधी गोलाकार, मग हृदयाकार, मग लांबट होत जातो. पुढे त्याला मूळ फुटते, पाने येतात आणि तो संपूर्ण रोप बनतो. म्हणजे वनस्पतीच्या जिवंत पेशीत अवघ्या वनस्पतीचे सामर्थ्य सुप्त असू शकते.

हे भाकीत प्रथम केले ते गॉटलीब हाबरलांट या ऑस्ट्रियन शास्त्रज्ञाने, १९०२ साली. त्याने लॅमियम नावाच्या रोपट्याच्या पानातील, जलपर्णीच्या देठातील, तसेच इतर काही वनस्पतींच्या पेशी सुट्या करून क्षार व साखर यांच्या द्रावणात ठेवल्या. त्यांतील काही सुमारे महिनाभर जगल्या, आकाराने वाढल्या, काहींत पिष्ठ साठले. परंतु एकाही पेशीचे विभाजन झाले नाही. प्रयोग साफ फसला!

आमच्यासारख्याने अशा वेळी बशी धुऊन टाकली असती. हाबरलांटने मात्र कोणत्या पेशी घेतल्या, कशात ठेवल्या, काय झाले आणि काय झाले नाही, हे सारे प्रसिद्ध केले. इतकेच नव्हे, तर कायिक पेशींपासून कृत्रिम भ्रूण वाढविणे एक दिवस शक्य होईल, असेही त्याने लिहिले. आणि त्यासाठी भ्रूणकोशातील रसाचा उपयोग करून पाहावा, अशी सूचनाही करून ठेवली.

ती सूचना पुढे ज्या रूपाने फळास आली, ते रूप आम्हां गोमंतकीयांना घरचेच आहे. कुळागरातल्या माडावरून उतरविलेल्या शहाळ्यातील पाणी म्हणजे तरी काय? नारळाच्या भ्रूणाचे पोषण व्हावे म्हणून निसर्गाने साठविलेला तो द्रवरूप भ्रूणपोषच होय. १९४१ साली व्हान ओव्हरबेक आणि त्याच्या सहकाऱ्यांनी धोत्र्याचे कोवळे भ्रूण वाढविण्यासाठी नारळपाणी वापरले. १९५८ साली अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात एफ. सी. स्टुअर्ड याने गाजराच्या मुळातील अन्नवाहक ऊतींचे तुकडे नारळपाणी मिसळलेल्या माध्यमात, सावकाश फिरणाऱ्या काचपात्रांत वाढविले. त्यांतून सुट्या झालेल्या पेशी विभागू लागल्या आणि अखेर त्यांपासून गाजराची रोपे तयार झाली. त्याच सुमारास जर्मनीत राइनर्ट यानेही गाजराच्याच ऊतींपासून भ्रूण मिळविले. हाबरलांटचे भाकीत छप्पन्न वर्षांनी खरे ठरले. ते पाहावयास तो हयात नव्हता. १९४५ सालीच तो वारला होता.

पुढे असे दिसून आले की, गाजरासाठी नारळपाणी अपरिहार्य नाही. २,४-डी या वृद्धिद्रव्याच्या सान्निध्यात पेशींची संख्या वाढत राहते, पण भ्रूण पुरा होत नाही. ते द्रव्य काढून घेतले म्हणजे तो आकार घेऊ लागतो. अशा बारीकसारीक गोष्टी कळल्या त्या न जमलेल्या प्रयोगांच्या नोंदी जमलेल्यांशेजारी ठेवून पाहिल्यामुळेच.

आजही हे शास्त्र अपयशापासून मुक्त नाही. तेलताडाची अशा रीतीने वाढविलेली झाडे लावली गेली, तेव्हा त्यांतील काहींना कित्येक वर्षांनी विकृत फळे येऊ लागली आणि लागवड करणाऱ्यांचे नुकसान झाले. त्या रोगट झाडांचाच कसून अभ्यास केल्यामुळे २०१५ साली मलेशियातील संशोधक व त्यांचे सहकारी या विकृतीच्या मुळाशी पोहोचले. संवर्धनाच्या काळात जनुकद्रव्यावरील एक रासायनिक खूण पुसली गेल्याने ती उद्भवते, असे त्यांनी दाखविले. ती झाडे गुपचूप तोडून टाकली असती तर?

आपल्याकडे म्हण आहे : गाजराची पुंगी, वाजली तर वाजली, नाही तर मोडून खाल्ली. शाळेतील प्रयोगांकडे आम्ही नेमके याच वृत्तीने पाहतो. वाजली तर वहीत लिहावयाची. न वाजली तर मोडून खावयाची आणि दुसऱ्याच्या पुंगीचा सूर आपला म्हणून सांगावयाचा! झाकली मूठ सव्वा लाखाची, हे व्यवहारात खरे असेल. प्रयोगशाळेत झाकलेल्या मुठीचे मोल शून्य आहे.

यावर कोणी म्हणेल, "अपयशाला गुण देऊ लागलात, तर आळशी मुलांचे फावेल. हाबरलांट तो हाबरलांट. तुमची बशी केवळ निष्काळजीपणामुळे बुरसली असेल." आक्षेप रास्त आहे. कदाचित तसेच घडले असेल. परंतु तो निष्काळजीपणा कोणता, हेच तर लिहावयाचे! पाणी अधिक झाले का, दाणे जुने होते का, बशी आदल्या प्रयोगानंतर स्वच्छ धुतली होती का? "प्रयोग जमला नाही" एवढे लिहिणाऱ्यास गुण नकोत. काय केले व काय दिसले हे जसेच्या तसे लिहिणाऱ्यास ते अवश्य मिळावेत. अशी नोंद आळसाने होत नाही. आळसाने होते ती नक्कल.

म्हणून आमच्या गुरुजनांना नम्र विनंती आहे की, प्रत्येक प्रयोगवहीत न जमलेल्या प्रयोगासाठी एक पान राखून ठेवावे आणि तेही तपासावे. आमच्या सहाध्यायांना सांगणे इतकेच की, बशी धुण्यापूर्वी ती एकवार नीट न्याहाळावी. आम्ही स्वतः यंदा पुन्हा मुगाचे दहा दाणे मांडणार आहोत. किती अंकुरतील हे आज सांगता येत नाही. जितके अंकुरतील तितकेच वहीत येतील.