पूजा गोमातेची, पोट मात्र जंतांचे

वसुबारसेच्या संध्याकाळी अमरावती-अकोला जिल्ह्यांतील गावोगावी सवत्स धेनूचे पूजन होते. गायीच्या कपाळी हळदकुंकू लागते, पुढ्यात नैवेद्याचे पान येते, सुवासिनी तिला ओवाळतात. तिच्या कासेशी उभ्या असलेल्या वासराकडे मात्र कुणी निरखून पाहत नाही. केस राठ झालेले, पोट नगाऱ्यासारखे फुगलेले, बरगड्या मोजून घ्याव्यात अशा, शेपटीखाली हगवणीचे ओघळ. पावसाळा नुकताच सरलेला असतो आणि पोटातल्या जंतांचा भार याच दिवसांत सर्वांत जड असतो. माता पूजिली जाते आणि तिचे लेकरू आतून पोखरले जात असते.

महाराष्ट्र शासनाने ३० सप्टेंबर २०२४ रोजी देशी गायीला 'राज्यमाता-गोमाता' असा दर्जा दिला. गोशाळांतील देशी गायींसाठी प्रतिदिन पन्नास रुपयांच्या अनुदानाचा निर्णयही त्याच काळात झाला. गोभक्तांनी अनेक दशके ज्यासाठी कंठशोष केला, त्याचे हे फळ होय आणि त्याचा आनंद मानण्यात काहीच वावगे नाही. परंतु पदवीने वासराचे पोट साफ होत नाही. गोवंश कसायाच्या सुरीपासून वाचवायचा आणि मग त्याला गोलकृमी, पट्टकृमी, पर्णकृमी यांच्या हवाली करायचे, याला गोरक्षण म्हणता येईल काय?

हा रोग कसा होतो, हे समजून घेणे अवघड नाही. बाधित जनावराच्या शेणातून जंतांची अंडी जमिनीवर पडतात. पावसाळी ओलाव्यात आठवड्याभरात त्यांतून अळ्या तयार होतात आणि दहिवराने भिजलेल्या गवताच्या पात्यावर चढून बसतात. गायकी भल्या पहाटे आखरावरून गुरे हाकतो, गुरे ते ओले गवत खातात आणि चक्र पूर्ण होते. पर्णकृमीची वाट निराळी. तो डबक्यातल्या, तळ्याकाठच्या गोगलगायीच्या अंगात वाढतो आणि पाणवठ्याच्या गवतावरून जनावराच्या यकृतात पोहोचतो. म्हशीच्या वगारीला तर एक प्रकारचा मोठा गोलकृमी आईच्या दुधातूनच मिळतो. जन्मानंतर दोन-तीन आठवड्यांतच ती खंगू लागते. पूर्णाथडीसारख्या ज्या म्हशीची स्वतंत्र जात म्हणून अलीकडे नोंद झाली, तिच्या कितीतरी वगारी अशा गोठ्यातच संपतात आणि मालक 'दैवात नव्हते' म्हणून मोकळा होतो.

पूर्वीही जंत होतेच. मग आज ते एवढे का माजले? महसुली दप्तरात वऱ्हाड ज्याला ई-क्लास म्हणतो, त्या गायरानाकडे पाहावे म्हणजे उत्तर मिळते. अतिक्रमणांनी ते आक्रसले. उरलेल्या तुकड्यावर गावची सारी गुरे रोज त्याच जागी चरतात, तिथेच शेण टाकतात आणि दुसऱ्या दिवशी तिथलेच गवत खातात. ज्वारी मागे हटून सोयाबीन आले, तसा कडबाही गेला. अर्धपोटी जनावर जंतांशी झुंजणार कशाच्या बळावर?

यावर सरकारी खात्याचे आणि औषध कंपन्यांचे उत्तर ठरलेले आहे : दर तीन-चार महिन्यांनी जंतनाशक पाजा. शेण तपासायचे नाही, वजन मोजायचे नाही, कोणता जंत आहे हे पाहायचे नाही. बाटली उघडायची आणि घशात ओतायची. यकृतातल्या पर्णकृमीसाठी आतड्यातल्या गोलकृमीचे औषध दिले जाते आणि गुण आला नाही की दुकानदार दुसऱ्या रंगाची बाटली काढून देतो. अंदाजाने दिलेली मात्रा कमी पडते, चिवट जंत तेवढे जगतात आणि त्यांचीच पैदास पुढे चालते. थायाबेंडाझोल हे आधुनिक जंतनाशक १९६१ साली बाजारात आले आणि अवघ्या काही वर्षांत मेंढ्यांमधील जंत त्याला दाद देईनासे झाले. शेळ्या-मेंढ्यांचे रक्त शोषणाऱ्या जंतात त्याच गटाच्या औषधांविरुद्ध प्रतिकारशक्ती आल्याच्या नोंदी भारतातही १९७० च्या दशकापासून आहेत. ज्या पाश्चात्त्यांकडून ही बाटली आली, ते स्वतः शहाणे झाले. डेन्मार्कने १९९९ पासून चिठ्ठीवाचून आणि निदानावाचून जंतनाशक देणे बंद केले. यूरोपच्या सेंद्रिय पशुपालनाच्या नियमांत रासायनिक औषध प्रतिबंधक म्हणून वापरताच येत नाही. उपचारासाठी वापरलेच, तर दूध-मांस विकण्यापूर्वीचा प्रतीक्षाकाळ दुप्पट धरावा लागतो. आपल्याकडे मात्र अजून बाटल्या वाटल्याच्या आकड्यांवर कार्यक्रम यशस्वी ठरतो!

आयव्हरमेक्टिनचे उदाहरण तर मुळातून पाहण्याजोगे आहे. जपानच्या मातीतील एका सूक्ष्मजीवापासून हे औषध निघाले, त्याने आफ्रिकेतील लक्षावधी माणसांची दृष्टी वाचवली आणि २०१५ साली सातोशी ओमुरा व विल्यम कॅम्पबेल यांना त्यासाठी नोबेल पारितोषिक मिळाले. त्याची थोरवी नाकारण्याचे कारण नाही. पण गुरांना टोचलेले हे औषध बहुतांश शेणावाटे बाहेर पडते. ते दुधात उतरते म्हणून अनेक देशांत दुभत्या जनावरांना देण्यास मनाई आहे. वॉल आणि स्ट्राँग या ब्रिटिश संशोधकांनी १९८७ मध्येच दाखवून दिले, की हे औषध दिलेल्या गुरांचे शेण कुरणात तसेच पडून राहते, कारण ते फोडणारे, मातीत गाडणारे शेणकिडेच त्यात वाढत नाहीत. आणि शेणकिडा हा तर जंतांचा शत्रू! तो शेणाचा पो फोडून वाळवतो, त्यामुळे त्यातल्या अळ्या मरतात. शत्रूला मारण्यासाठी आणलेल्या औषधाने आधी आपला मित्रच मारला. ज्या ऑस्ट्रेलियात गुरांचे शेण गाडणारे किडे नव्हते, त्या देशाने १९६० च्या दशकापासून ते परदेशांतून मुद्दाम आणून सोडले. आपल्याकडे ते निसर्गाने फुकट दिले आहेत, म्हणूनच बहुधा त्यांची किंमत नाही.

वऱ्हाडाच्या दृष्टीने ही गोष्ट अधिकच बोचरी आहे. नैसर्गिक शेतीचे प्रवर्तक पद्मश्री सुभाष पाळेकर हे अमरावती जिल्ह्यातील बेलोऱ्याचे. देशी गायीचे शेण आणि गोमूत्र यांपासून केलेले जीवामृत याच मातीतून देशभर गेले. पण ज्या गायीला काल-परवा सुई टोचली, तिच्या शेणाचे जीवामृत करून जमिनीला 'विषमुक्त' म्हणणारे शेतकरी आज किती असतील? त्यांना हे कुणी सांगितले आहे काय? डायक्लोफेनॅकच्या वेळीही कुणी सांगितले नव्हते. गुरांच्या दुखण्यावरचे ते साधे औषध मृत जनावरांच्या मांसावाटे गिधाडांच्या पोटात गेले आणि आकाश रिते झाले. कारण २००४ मध्ये सिद्ध झाले, पशूंसाठीच्या वापरावर बंदी २००६ मध्ये आली. तोवर बहुतेक गिधाडे संपली होती.

येथे आपले तथाकथित पुरोगामी मित्र हसू लागतात. शेण-गोमूत्र हे शब्द कानी पडले, की त्यांना विनोद सुचतो. जपानी मातीतला जंतू औषध देतो तेव्हा ते विज्ञान आणि वऱ्हाडातल्या पळसाचे बी औषध देते तेव्हा ती अंधश्रद्धा, असा हा न्याय आहे. पळसाच्या बियांतील पॅलासोनिन आणि वावडिंगातील एम्बेलिन ही द्रव्ये प्रयोगशाळेत वेगळी काढली गेली आहेत आणि त्यांचा कृमिघ्न गुण अभ्यासला गेला आहे. कपिला, कडू जिरे, कडुनिंब ही नावे कोणत्याही जुन्या वैदूला विचारावीत. राष्ट्रीय दुग्धविकास मंडळानेही लोकपरंपरेतील पशुउपचारांचा प्रसार चालविला असून, त्यांच्या जंतांवरील योगात लसूण, हळद, जिरे, मोहरी, मिरी, कडुनिंबाचा पाला, कारले आणि गूळ हे स्वयंपाकघरातलेच पदार्थ आहेत.

पण हसणाऱ्यांना उत्तर देताना आपल्या घरातल्या गोष्टीही झाकून ठेवता येणार नाहीत. नागपूर जिल्ह्यातील देवलापारच्या गोविज्ञान अनुसंधान केंद्राच्या सहभागातून झालेल्या कामाला २००२ साली अमेरिकेत पेटंट मिळाले, ही अभिमानाचीच बाब. ते पेटंट मात्र गोमूत्र-अर्क प्रतिजैविकाची परिणामकारकता वाढवतो, याबद्दलचे आहे. त्याचा दाखला देऊन गोमूत्र पाजले की गुरांचे सारे जंत पडतात असे सांगणे ही भक्ती नव्हे, फसवणूक आहे. पळसपापडीची पूड मुठीने मोजून देणारे आणि वासराला हगवण लागली की 'जंत पडताहेत' म्हणून समाधान मानणारेही आपल्यातच आहेत. औषध देण्यापूर्वी एका ग्रॅम शेणात किती अंडी होती आणि पंधरा दिवसांनी किती राहिली, एवढे मोजले तरी खरे-खोटे कळते. हे मोजणारी गोशाळा वऱ्हाडात शोधावी लागते. अकोल्यात एका मोठ्या रस्त्याचे नावच गोरक्षण रोड आहे. त्याच शहरात पशुवैद्यकाची स्नातकोत्तर संस्था आहे आणि पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठही आहे. सूक्ष्मदर्शक आणि गोठा यांच्यात अंतर आहे ते एवढेच!

वास्तविक आपल्या शास्त्राने औषधाला पहिले आणि शेवटचे स्थान कधी दिलेच नाही. चरकसंहितेच्या विमानस्थानात कृमींची चिकित्सा तीन पायऱ्यांनी सांगितली आहे : कृमी बाहेर काढणे, ते ज्या स्थितीत वाढतात ती स्थिती मोडणे आणि ज्या कारणाने ते होतात ते कारण टाळणे. विदेशी बाटली पहिल्या पायरीवर थांबते. आणि खेदाची गोष्ट अशी, की आपले 'सेंद्रिय' जंतनाशक विकणारेही तिथेच थांबतात. बाटलीवरचे लेबल तेवढे हिरवे होते. कृषिपराशरात तर गोठा स्वच्छ आणि शेणविरहित असेल, तर विशेष खुराकावाचूनही गुरे पुष्ट होतात, अशा आशयाचे वचन आहे. ग्रामगीतेत गोवंश-सुधारावर स्वतंत्र अध्याय लिहिणारे राष्ट्रसंत मोझरीचे आणि हातात खराटा घेऊन गावे झाडणारे गाडगेबाबा शेणगावचे. दोघेही अमरावती जिल्ह्याचेच. त्यांच्या जिल्ह्यात उकिरडा गोठ्याच्या दाराशी आणि वासरू उकिरड्यावर, हे चित्र कशाचे द्योतक मानावे?

कारण टाळणे म्हणजे काय, तर सकाळचे दहिवर उतरल्यावाचून गुरे सोडू नयेत. तळ्याच्या काठी चिखलात पाणी पाजण्याऐवजी हौद बांधावा. वासरे मोठ्या गुरांच्या चरल्या जागी चरू नयेत. शेण उघडे न टाकता पुसदच्या नाडेपकाकांनी, म्हणजे नारायण देवराव पांढरीपांडे यांनी शिकविल्याप्रमाणे टाक्यात रचावे किंवा ढिगात नीट तापू द्यावे; चांगल्या तापलेल्या खतात अंडी तग धरत नाहीत. उलट जीवामृताच्या दोन-तीन दिवसांच्या आंबवणीत ती मरतील असे गृहीत धरता येत नाही, म्हणून बाधित जनावराच्या ताज्या शेणाचे जीवामृत चाऱ्याच्या तुकड्यावर टाकू नये. वऱ्हाडचा उन्हाळा हा तर जंतांचा काळ. अकोल्याचा पारा पंचेचाळिसापुढे जातो तेव्हा उघड्या गायरानातल्या अळ्या करपून जातात. पावसाळ्याच्या तोंडाशी गुरांचे पोट साफ करून ती अशा स्वच्छ झालेल्या जमिनीवर सोडली, तर निम्मी लढाई तिथेच जिंकता येते. पळसाच्या शेंगा नेमक्या याच दिवसांत वाळतात.

आणि वासरू मरणाच्या दारात असेल, जबड्याखाली पाणी उतरले असेल, डोळ्याची आतली कड पांढरी पडली असेल, तर तत्त्वाचा हट्ट न धरता पशुवैद्याला बोलवावे, त्याने तपासून दिलेले औषध वजनाप्रमाणे द्यावे आणि त्या जनावराचे शेण काही आठवडे वेगळे ठेवावे. स्वदेशीच्या नावाखाली जीव जाऊ देणे हा गोवंशाचा घातच होय.

गोशाळांच्या विश्वस्तांकडे आता अनुदान आहे. ते घेताना जनावरांची संख्या जशी दाखवावी लागते, तसा वर्षातून दोनदा, मृगापूर्वी आणि वसुबारसेपूर्वी, शेण-तपासणीचा अहवाल जोडण्याची अट शासनाने घालावी. अकोल्याच्या पशुवैद्यक संस्थेने पळसपापडी आणि वावडिंग यांच्या मात्रा ठरविण्यासाठी याच गोशाळांतील गुरांवर खुल्या चाचण्या घ्याव्यात आणि निष्कर्ष अनुकूल असोत वा प्रतिकूल, ते मराठीत छापावेत. ग्रामसभांनी ई-क्लासचा नकाशा काढून गायरानाचे चार भाग करावेत आणि आळीपाळीने चारावेत. अतिक्रमण कुणाचे आहे, हे प्रत्येक गावाला ठाऊक असते. त्यांत गळ्यात भगवा शेला घालून पोळ्याच्या मिरवणुकीत पुढे चालणारेही असतात.