चिमुकल्यांचे कौतुक पुरे

१४ ऑक्टोबर २०१७ रोजी कोलकात्यात, सतरा वर्षांखालील मुलांच्या विश्वचषकात, न्यू कॅलेडोनियाच्या जेकोब जेनोने ८३व्या मिनिटाला गोल केला आणि जपानशी १-१ अशी बरोबरी साधली. त्याआधी हा संघ फ्रान्सकडून १-७ आणि होंडुरासकडून ०-५ असा हरला होता. मरोळच्या घरी टीव्हीसमोर बसून मीही टाळ्या वाजवल्या. पुढे कित्येक दिवस प्राध्यापक-कक्षात एकच वाक्य कानावर येत राहिले : 'पावणेतीन लाखांचे चिमुकले बेट बरोबरी करते आणि सव्वाशे कोटींच्या देशाला अकरा पोरे मिळत नाहीत!' हे वाक्य तेव्हाही खटकले होते. आज ते अधिक खटकते, कारण आपण मराठीबद्दलही नेमके असेच बोलू लागलो आहोत.

आधी त्यातले विशेषण पाहू. न्यू कॅलेडोनिया हा स्वतंत्र देश नाही. १८५३पासून तो प्रदेश फ्रान्सच्या ताब्यात आहे. फिफाचे सदस्यत्व त्याला २००४मध्ये मिळाले. १९३१च्या पॅरिसमधील वसाहत-प्रदर्शनाच्या वेळी तिथल्या कनाक माणसांना 'नरभक्षक' म्हणून प्रेक्षकांपुढे मांडण्यात आले. त्यांपैकी एकाचा वंशज ख्रिस्तियान करम्बो १९९८मध्ये फ्रान्सच्या विश्वविजेत्या संघातून खेळला. गुवाहाटीत सात गोल खाणारी मुले त्याच फ्रान्सविरुद्ध उभी होती. 'चिमुकले' म्हटले की हे काहीच सांगावे लागत नाही. कवितेतले एक विशेषण काय लपवते हे विद्यार्थ्यांना शिकवणाऱ्या आपल्यासारख्यांनी तरी ते इतक्या सहज वापरू नये.

आता हिशेब. लोकसंख्या मैदानात उतरत नसते. ओशनिया विभागातून दोन संघांना प्रवेश होता आणि न्यू कॅलेडोनियाने विभागीय स्पर्धेची अंतिम फेरी गाठून तो मिळवला. भारत मात्र यजमान म्हणून खेळला. त्या स्पर्धेच्या तोंडावर, १५ सप्टेंबर २०१७ला, महाराष्ट्र शासनाने 'मिशन वन मिलियन' या नावाने एका दिवसात दहा लाख मुलांना फुटबॉल खेळवण्याचा संकल्प सोडला. सोळा तारखेला ती मुले कुठे खेळणार होती? मरोळ ज्या के-पूर्व विभागात येते, त्याची २०११ची लोकसंख्या आठ लाखांहून अधिक, म्हणजे त्या बेटांच्या जवळजवळ तिप्पट. इथल्या मुलांना तासाच्या भाड्याचे टर्फ परवडले तर ठीक, नाहीतर सोसायटीच्या पार्किंगमध्ये 'खेळण्यास मनाई' या पाटीखाली चेंडू मारायचा. त्याच विश्वचषकात भारताकडून खेळलेला अनिकेत जाधव कोल्हापूरचा होता. तो सव्वाशे कोटींच्या आकड्यातून आला नाही. तालमींचे संघ आणि शाहू स्टेडियमवरची गर्दी यांनी कोल्हापुरात मुरवलेल्या सवयीतून तो आला. पुढे पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीने त्याला घडवले.

मराठीच्या बाबतीत आपण वेगळे काय करतो? जनगणनेतले आठ कोटी तीस लाख भाषक हा आपला आवडता आकडा. ३ ऑक्टोबर २०२४ला अभिजात दर्जा मिळाल्यापासून तर तो प्रत्येक भाषणात आहे. 'एवढे कोटी, तरी जगात वाचक का नाहीत?' असा गळा काढताना शाळेतले कुलूपबंद ग्रंथालय, बंद पडलेली नियतकालिके आणि विद्यार्थ्यांअभावी ओस पडलेले पदव्युत्तर वर्ग यांच्याविषयी कोणी बोलत नाही. न्यू कॅलेडोनियात सुमारे अठ्ठावीस कनाक भाषा आहेत. त्यांतल्या एकीलाही मराठीच्या हजाराव्या हिश्श्याइतके भाषक नाहीत. तरी आकड्याला बळ समजण्याची चैन त्यांना करता येत नाही, आणि आपल्याला ती सुटत नाही.

कुणी म्हणेल, छोट्यांच्या यशाने प्रेरणा मिळते, त्यात वाईट ते काय? यशानेच मिळत असेल तर फार काही नाही. नोव्हेंबर २०२५मध्ये कतारमधल्या विश्वचषकात न्यू कॅलेडोनियाच्या मुलांनी पुन्हा जपानला ०-० असे रोखले. तीन दिवसांनी मोरोक्कोने त्यांच्यावर सोळा गोल केले. पहिल्या निकालाला चमत्कार म्हणणाऱ्यांपाशी दुसऱ्यासाठी एक शब्दही नव्हता. या मुलांचा खरोखर आदर करायचा असेल, तर दोन्ही निकाल एकाच संघाचे म्हणून वाचावे लागतील.

हे सारे लिहिण्याचा अधिकार मला कितपत आहे, ठाऊक नाही. २०१७मध्ये 'बेट लहान, जिद्द मोठी' हा निबंधविषय वर्गात मीच दिला होता. जिद्दीवर पाने भरून आली. एका मुलीने मात्र वही देताना विचारले, ''सर, तिथे मुलांना खेळायला मैदान आहे का?'' मला उत्तर माहीत नव्हते, कारण मी ते शोधलेच नव्हते. तिला गुण मात्र मी जिद्दीवरच्या परिच्छेदाचे दिले.